सायटिका आणि कायरोप्रॅक्टिक: दोन इतिहास, उशिरा झालेली गाठ

रुग्ण कुशीवर झोपलेला, वरचा गुडघा पोटाकडे घेतलेला. उपचार करणाऱ्याचा एक हात खांद्यावर, दुसरा कंबरेच्या खालच्या भागावर. मग एक छोटा, झटपट दाब आणि ‘कट्’ असा आवाज. मोबाइलवर असे व्हिडिओ सारखे समोर येतात आणि सायटिका हमखास बरी होईल असा दावाही सोबत असतो. कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जात असताना ज्याला रात्रभर कूस बदलता येत नाही, तो हे बघून कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्याचा, पत्ता शोधणारच. म्हणूनच हा उपचार आला कुठून, हे त्याला माहीत असायला हवं.

आजार जुनाच आहे. चरकसंहितेत ‘गृध्रसी’ या नावाने कंबरेतून मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत उतरणारी वेदना सांगितली आहे आणि त्यावर शिरावेध (शीर टोचून रक्त काढणं), बस्ती (औषधी एनिमा) व अग्निकर्म (डाग देणं) हे उपाय दिले आहेत. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य होते. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत तर अनेक घरांत अजून आठवते. युरोपात बराच काळ सगळा दोष खुब्याच्या सांध्याला दिला जाई. 1764 मध्ये नेपल्सचे वैद्य डोमेनिको कोतुन्यो यांनी ही वेदना खुद्द नसेची आहे असं मांडलं. पण ती नस कशामुळे दुखते, याचं उत्तर त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणाकडे नव्हतं.

याच अंधारात कायरोप्रॅक्टिकचा जन्म झाला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट शहर, साल 1895. डी. डी. पामर तिथे चुंबकीय उपचार, म्हणजे हाताच्या स्पर्शातून शक्ती देऊन बरं करण्याचा दावा असलेले उपचार, करत. त्याच इमारतीत सफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना अनेक वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. त्यांच्या पाठीचा एक मणका दाबून बसवला आणि त्यांना ऐकू येऊ लागलं, असं पामर यांनी सांगितलं. म्हणजे या पद्धतीची सुरुवात सायटिकापासून नाही, बहिरेपणापासून झाली. जागचा हललेला मणका नसेचा प्रवाह अडवतो आणि बहुतेक सगळे आजार त्यातूनच होतात, असा पामर यांचा सिद्धान्त होता. तो त्यांनी तपासून सिद्ध केलेला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण ‘मणका सरकलाय, बसवून देतो’ हे आजही ऐकू येणारं वाक्य थेट तिथून आलेलं आहे.

सायटिकाचं मुख्य कारण सापडलं ते 39 वर्षांनी, आणि वेगळ्याच ठिकाणी. बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 मध्ये दाखवून दिलं की दोन मणक्यांमधली गादी फाटून तिचा आतला मऊ भाग बाहेर येतो आणि नसेच्या मुळावर दाब आणतो. बहुतेक वेळा हे कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत घडतं. तिथून पुढे शस्त्रक्रियेचा जमाना सुरू झाला.

कायरोप्रॅक्टिक मात्र कोर्टकचेऱ्यांत अडकलं. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल पामर यांना 1906 मध्ये तुरुंगवास झाला. अमेरिकेतल्या राज्यांपैकी कॅन्ससने 1913 मध्ये कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा पहिला कायदा केला, लुइझियानाने सगळ्यांत शेवटी, 1974 मध्ये. 1963 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने हा व्यवसायच संपवण्यासाठी समिती नेमली होती. त्याविरुद्ध चेस्टर विल्क आणि इतर कायरोप्रॅक्टर न्यायालयात गेले आणि 1987 मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनला दोषी ठरवलं. निकाल व्यवसायातली स्पर्धा दडपण्याविरुद्धच्या कायद्याखालचा होता. उपचार गुणकारी असल्याचा दाखला म्हणून तो पुढे करणं चूक आहे.

उपचाराची खरी पारख अगदी अलीकडची. इटलीत 102 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरे दाब दिलेल्यांपैकी 55 टक्के जणांची पायात जाणारी कळ पूर्ण थांबली. दाब दिल्याचा नुसता देखावा केलेल्यांत हे प्रमाण 20 टक्के होतं. 2010 मध्ये कॅनडातल्या 40 रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या यादीत असलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांना मणक्यांवरच्या या उपचाराने शस्त्रक्रियेइतकाच फायदा झाला. आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, पण चाचण्या लहान आहेत. 2016 च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचना हा उपचार सुचवतात तो व्यायामाच्या जोडीनेच. त्यातच, सायटिकाचे बरेच रुग्ण काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. तो ‘कट्’ आवाजही गादी जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या शिक्षणासाठी किमान 4,200 तास सांगितले, त्यातले 1,000 तास देखरेखीखाली रुग्णसेवेचे. भारतात कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवरून शिक्षण कळत नाही. कुठे आणि किती वर्षं शिकलात, हे बेधडक विचारा. पाऊल उचलता येईनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, तर कोणाकडूनही पाठ दाबून न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.