शाळेनंतरचा नाटकाचा वर्ग : पालकांसाठी माहितीपत्रक

तुमचं मूल आमच्या नाटकाच्या वर्गाला येणार आहे, किंवा पाठवावं की नाही याचा तुम्ही अजून विचार करताय. हे माहितीपत्रक दोघांसाठीही आहे. वर्ग पहिली ते चौथीच्या मुलांचा आहे. आठवड्यातून एक दिवस, शाळा सुटल्यावर सव्वा तास, असे बारा आठवडे. शेवटच्या आठवड्यात पालकांसमोर पंधरा-वीस मिनिटांचा प्रयोग असतो.

नाटक कोणतं बसवताय?

पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. पहिले चार आठवडे आमचं उत्तर एकच असतं, अजून कोणतंच नाही. काही पालकांची यावर निराशा होते, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात संहिता पडली की ते आपली वाक्यं घट्ट धरून बसतं. अक्षरं जुळवून वाचण्यातच त्याची अर्धी ताकद खर्च होते. पाठांतर झालं तरी समोरचा काय बोलतोय याकडे त्याचं लक्ष नसतं, त्याचं बोलणं कधी संपतंय याकडे असतं. तालमीत नीट पाहिलं तर अशी मुलं दुसऱ्याची वाक्यंही ओठांतल्या ओठांत पुटपुटताना दिसतात. सगळं नाटक तोंडपाठ, पण एकमेकांशी कोणीच बोलत नाही. नाटकात सगळ्यात आधी यायला हवं ते ऐकणं आणि पाहणं, आणि या वयात ते खेळातूनच येतं.

ही वाट आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन या शिक्षिकेने १९३९ च्या सुमारास अशा खेळांवर काम केलं. त्यांच्याकडे स्थलांतरित कुटुंबांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं येत. त्यांना अभिनयावर भाषण देऊन काही साधणार नव्हतं, म्हणून स्पोलिन एक नियम आणि एक अडचण देत आणि मुलांना खेळायला सोडत. आज जगभर मुलांच्या नाट्यवर्गांत खेळले जाणारे कितीतरी खेळ तिथून आलेले आहेत.

त्यातला आरशाचा खेळ आम्ही दर आठवड्याला घेतो. दोन मुलं समोरासमोर उभी राहतात. एक हात वर नेतं, दुसरं आरसा होऊन तेच करतं. सुरुवातीला प्रत्येकाला समोरच्याला चकवायचं असतं, म्हणून हात भराभर फिरतात आणि आरसा फुटतो. मग वर्ग घेणाऱ्या ताई सांगतात, 'बाहेरून कोणी पाहिलं तर खरं कोण आणि आरसा कोण हे कळता कामा नये.' एवढ्या एका वाक्याने हात संथ होतात आणि मुलं एकमेकांच्या डोळ्यांत बघू लागतात. 'बदल' म्हटलं की आरसा कोण ते बदलतं. काही आठवड्यांनी ताई म्हणतात, 'आता पुढाकार कोणाचाच नाही,' आणि तरीही दोघांचे हात एकत्र हलत राहतात. पुढे तालमीत एखादं मूल वाक्य विसरलं तर त्याला सावरून घेणारं मूल या खेळातूनच तयार होतं.

आधी पाणी, मग पळापळी

शाळेत दिवसभर बसून आलेल्या मुलाला लगेच गोलात बसवणं आम्हाला पटत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी, घरून आणलेला खाऊ, स्वच्छतागृह आणि मग पळण्याचा खेळ. टाळी वाजली की जागच्या जागी पुतळा! याने अंगातली रगही जिरते आणि थांबण्याची खूणही पक्की होते. मुलं अनवाणी किंवा रबरी तळाच्या बुटांत खेळतात. नुसत्या मोज्यांवर नको, गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो.

प्रमुख भूमिका कोणाला?

कोणा एकालाच नाही. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही एक तयार संहिता घेतली होती. दोन मुलांना भरपूर संवाद, बाकीची झाडं. प्रयोगात एक मुलगी हातात फांदी धरून शेवटपर्यंत उभी राहिली. पडदा पडायच्या थोडं आधी तिने शेजारच्याला विचारलं, 'आता मी बोलू का?' तिला संवाद नव्हताच. तिचं ते विचारणं आजही आमच्या कानात आहे. त्यानंतर आम्ही तसं नाटक पुन्हा बसवलं नाही.

आता गोष्ट मुलंच रचतात. पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती सुचवतात, करून बघतात, भांडतात, बदलतात, आणि ताई त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतात. स्वतःच्या तोंडून आलेलं वाक्य पाठ करावं लागत नाही. लहानांना दोन-तीन वाक्यं, तिसरी-चौथीच्या मुलांना सहा-सात. गोष्टीत राजा असेल तर प्रवेशागणिक राजा बदलतो आणि मुकुट हातोहात पुढे जातो. कोण राजा आहे याबद्दल प्रेक्षकांचा कधीच गोंधळ होत नाही. आणखी एक सोय म्हणजे छापील नाटकासाठी बऱ्याचदा हक्कधारकाची परवानगी काढावी लागते, तो प्रश्नही इथे येत नाही.

माझं मूल बुजरं आहे

जरूर पाठवा. पहिले काही आठवडे ते बसून नुसतं बघत राहिलं तरी आमची हरकत नसते, मात्र बसायचं गोलातच. न बोलता करायची कामं भरपूर आहेत. एका वर्गात एक मुलगा महिनाभर बोलला नव्हता. आम्ही पावसाचा खेळ घेतला. आधी सगळ्यांनी तळहात घासायचे, मग चुटक्या, मग मांड्यांवर थापा, शेवटी पाय आपटायचे, आणि त्याच क्रमाने उलट येऊन पाऊस थांबवायचा. पाऊस कधी वाढायचा हे त्याने हाताने दाखवायचं होतं. त्याने पाऊस इतका वेळ पाडला की मुलांचे पाय दुखले. पुढच्या आठवड्यात तो आल्या आल्या म्हणाला, 'आज वादळ करू.'

'लाजतो कसला, बोल ना,' असं त्याच्यासमोर कोणी म्हणू नये, एवढीच विनंती.

घरी काय करावं

आठव्या आठवड्यापासून खऱ्या तालमी सुरू होतात. मुलाकडून त्याची वाक्यं म्हणून घ्यायची असतील तर इतरांची वाक्यं तुम्ही वाचा आणि त्याला उत्तर देऊ द्या. 'हे वाक्य असं म्हण' असं मात्र शिकवू नका. घरून पक्की करून आणलेली चाल तालमीत मोडता मोडत नाही. आवाज मोठा काढायलाही सांगू नका, मूल ओरडायला लागतं आणि घसा बसतो. आम्ही त्यांना सांगतो, सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलेल्याला हे सांगायचंय. तेवढ्याने आवाज पोचतो.

वेशभूषेवर खर्च करू नका. एकरंगी साधे कपडे पुरेत. टोप्या, ओढण्या, खोकी आमच्याकडे आहेत.

सुरक्षितता

एका वर्गात जास्तीत जास्त सोळा मुलं आणि कायम दोन मोठी माणसं. कोणतंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं नसतं. नावनोंदणीच्या अर्जात न्यायला येणाऱ्यांची नावं लिहा. त्या यादीत नसलेल्या माणसाबरोबर, ओळखीचा असला तरी, आम्ही मूल पाठवत नाही. तुम्ही फोन करून कळवलंत तरच अपवाद. कशाची ॲलर्जी असेल, दमा असेल, तर तेही अर्जात लिहा. तुमच्या लेखी संमतीशिवाय आम्ही मुलाचा फोटो कुठेही वापरत नाही. प्रयोगाचं चित्रण तुम्ही केलंत तर ते घरापुरतं ठेवा, त्यात इतरांचीही मुलं असतात.

प्रयोगाच्या दिवशी

मुलं रंगमंचावर आली की आधी तुम्हाला शोधतात. एकदा हात हलवा आणि मग खाली घ्या. मूल अडखळलं तर प्रेक्षकांतून वाक्य सुचवू नका. ताई बाजूला वही घेऊन बसलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्याआधी शेजारचं मूलच सावरून घेतं.

पहिल्या दिवशी सोबत पाण्याची बाटली, खाऊ आणि भरलेला अर्ज द्या. दाराशी निरोप घेऊन तुम्ही निघालात तरी चालेल. मूल रडलं तर दहा मिनिटं बाहेर थांबा, आम्ही येऊन सांगतो.