गॅमा २.२: काचेच्या नळीचा जुना हिशेब

विंडोजमध्ये ‘डीसीसीडब्ल्यू’ टाइप केलं की मॉनिटर कॅलिब्रेट करायची खिडकी उघडते. एक-दोनदा ‘नेक्स्ट’ दाबलं की राखाडी वर्तुळं दिसतात, प्रत्येकाच्या मधोमध एक ठिपका. तो आजूबाजूच्या रंगात विरेपर्यंत स्लायडर सरकवायचा. विरला की गॅमा, म्हणजे सिग्नल वाढेल तसा पडद्याचा उजेड किती वाकड्या वळणाने वाढतो त्याचा आकडा, साधारण २.२ वर बसला. हाच आकडा का, याचं उत्तर आपण कधीच भंगारात काढलेल्या पिक्चर ट्यूबमध्ये आहे.

शब्द मात्र ट्यूबहूनही जुना. हर्टर आणि ड्रिफिल्ड या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या जोडीने १८९० मध्ये, फोटोच्या प्लेटवर प्रकाश वाढत गेला की काळेपणा कसा चढतो, याचा आलेख मांडला. त्यातल्या सरळ भागाच्या चढाला गॅमा म्हणतात. टीव्हीवाल्यांनी शब्द तिथूनच उचलला.

ट्यूबची खोड अशी की व्होल्टेज निम्मं केलं तर उजेड निम्मा होत नाही, पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरतो. दोष बरेचदा पडद्याच्या आतल्या फॉस्फरला, म्हणजे उजळणाऱ्या लेपाला, दिला जातो, पण कारण मागून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन गनमध्ये आहे. इलाज प्रत्येक घरातल्या टीव्हीत बसवायचा तर संच महागले असते. म्हणून सिग्नलला ट्यूबच्या उलट वळणाचा बाक कॅमेऱ्याच्या बाजूलाच दिला गेला. अमेरिकेच्या १९५३ च्या रंगीत टीव्ही मानकाने संचाचा गॅमा २.२ धरला, युरोपातल्या पॅल या रंगीत टीव्ही पद्धतीने २.८. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पॅलवरच.

आता यातली खरी गंमत. आपल्या डोळ्याला अंधाऱ्या छटांमधला फरक जास्त कळतो, उजेडातला कमी. कॅमेऱ्यातला उलटा बाक नेमका याच वळणाचा निघाला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ८ बिटच्या २५६ पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या त्यामुळे काळोख्या भागाला मिळतात. नाहीतर सावलीत पट्टे दिसले असते. ट्यूब गेली तरी गॅमा टिकला तो यामुळे.

कॉम्प्युटरवर मात्र बरीच वर्षं सावळागोंधळ होता. ॲपलने छपाईशी मेळ बसावा म्हणून मॅकचा गॅमा १.८ ठेवला. पीसी आपल्या ट्यूबच्या स्वभावावर, म्हणजे २.२ च्या आसपास. मॅकवर छान दिसणारा फोटो पीसीवर काळवंडायचा. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये एसआरजीबी हे पडद्यावरच्या रंगांचं सामायिक मोजमाप मांडलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. मॅक २.२ वर आला तो थेट २००९ मध्ये, स्नो लेपर्ड या मॅकच्या सिस्टिमबरोबर.

एलसीडीचा स्वतःचा बाक वेगळाच, इंग्रजी ‘एस’सारखा. पॅनेलमधलं सर्किट ट्यूबची नक्कल करतं, आणि ती कुठे किती जमली हे मॉनिटरगणिक बदलतं. तपासायचं तर एक-एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा आखा, शेजारी १८८ या आकड्याची सपाट राखाडी ठेवा, आणि लांबून डोळे किलकिले करून पाहा. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, कारण रेघांचा उजेड पांढऱ्याच्या निम्मा असतो आणि बाकामुळे निम्मा उजेड १२८ वर नाही, १८८ च्या आसपास पडतो. बहुतेकजण इथे १२८ टाकतात आणि मॉनिटर बिघडला असं समजतात.

चित्र मूळ आकारात आणि रेझोल्यूशन मॉनिटरचं मूळचं असू द्या, नाहीतर रेघाच पुसट होतात. आणि मॉनिटर टीएन या स्वस्तातल्या एलसीडी पॅनेलचा असेल तर मान वरखाली न करता पाहा. तिथे चार बोटं खाली सरकलात तरी राखाडी बदलते.