खगोलछायाचित्रण, हौशी : माउंट आणि कॅमेरा

दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याच्या लेन्सला आधार देऊन आकाशाच्या दैनंदिन गतीबरोबर फिरवणारे यंत्र म्हणजे माउंट. ‘बैठक’ हा मराठी शब्द त्याला शोभेल. पण रात्री माळावर जमणारी मंडळी माउंटच म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे. नवखा छायाचित्रकार बहुधा आधी मोठी दुर्बीण घेतो, मग कॅमेरा आणि उरल्या पैशांत माउंट. हा क्रम नेमका उलटा हवा.

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमके वर आकाशात कल्पिलेले वर्तुळ) तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला). नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. मात्र ४०० मिमी. नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थ) छोट्या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचे १.९४ विकला येतात. दुर्बीण स्थिर ठेवली तर तारा सेकंदाच्या आठव्या भागातच शेजारच्या पिक्सेलवर जातो. तेजोमेघांच्या छायाचित्रांना तर तासन्‌तास प्रकाश साठवावा लागतो.

ही अडचण छायाचित्रणापेक्षा जुनी आहे. योझेफ फ्राउनहोफर याने १८२४ मध्ये डोर्पाट (आताचे टार्टू, एस्टोनिया) येथील वेधशाळेसाठी केलेल्या दुर्बिणीला ‘जर्मन’ पद्धतीचा इक्वेटोरियल (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला) माउंट आणि तो फिरवणारी घड्याळी यंत्रणा होती. आजच्या हौशी माउंटचा सांगाडा मूलतः तोच आहे. घड्याळाच्या जागी मोटर आली, इतकेच. जॉन विल्यम ड्रेपर याने १८४० मध्ये चंद्राचे छायाचित्र घेतले. त्याचा मुलगा हेन्री याने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघ (एम ४२) ५१ मिनिटांच्या उद्भासनात (एक्स्पोजर) टिपला. बाप-लेकाच्या या दोन छायाचित्रांमधल्या ४० वर्षांत रसायने सुधारली, पण ५१ मिनिटे तारा जागेवर धरून ठेवणारा माउंट नसता तर त्यांचा उपयोग नव्हता.

माउंटचे प्रकार

आल्ट-अॅझिमथ माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो. डॉबसोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या पेटीत फिरणारी दुर्बीण, याच जातीची. मोटर लावली की तो ताऱ्याचा पाठलाग करतो, पण चित्राची चौकट आकाशाच्या तुलनेत हळूहळू गरगरते. मधला तारा टिंब राहतो आणि कडेच्या ताऱ्यांचे कंस होतात. हे गरगरणे अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात असते, म्हणून आपल्याकडे ते युरोपापेक्षा जास्त आहे. पुण्यातून दक्षिणेला ४५ अंश उंचीवर पाहिले तर चौकट तासाला सुमारे २० अंश फिरते. लंडनमध्ये त्याच दिशेला, त्याच उंचीवर तिचा वेग याच्या दोन-तृतीयांश असतो. डोक्यावरच्या बिंदूजवळ तर तो प्रचंड वाढतो. उलट ठीक पूर्वेला किंवा पश्चिमेला चौकट जवळजवळ फिरतच नाही. आल्ट-अॅझिमथवर काम भागवणाऱ्याने १०-१५ सेकंदांच्या फ्रेम काढाव्यात आणि पूर्व-पश्चिमेचे लक्ष्य निवडावे.

इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो. तो एकच अक्ष समान वेगाने फिरवला की तारा आणि चौकट दोन्ही जागेवर राहतात. दुसरा अक्ष क्रांतीचा, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतराचा. तो लक्ष्य शोधण्यापुरता लागतो. जर्मन प्रकारात दुर्बिणीच्या विरुद्ध बाजूला वजने लावून तोल साधतात, आणि लक्ष्य मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटावी लागते. मध्यरात्री झोप लागलेल्या छायाचित्रकाराची दुर्बीण तिपाईच्या पायावर आपटते ती याच वेळी.

कंपनीने सांगितलेली भारक्षमता डोळ्यांनी पाहण्यासाठीची समजावी. छायाचित्रणात तिच्या निम्म्यावर थांबलेले बरे. शिवाय किलो हे पूर्ण माप नव्हे: ५ किलोची आखूड दुर्बीण निमूट बसते, तर तेवढ्याच वजनाची लांब नळी सह्याद्रीच्या पठारावरच्या वाऱ्यात शिडासारखी वागते.

भारापेक्षा दातेरी चाकांची चूक अधिक छळते. १८० दातांच्या चाकाला फिरवणारा वर्म स्क्रू (चाकाच्या दातांत बसणारा मळसूत्री दांडा) ४७९ सेकंदांत, म्हणजे सुमारे ८ मिनिटांत, एक फेरी करतो. त्या स्क्रूच्या घडणीतील बारीक दोषामुळे तारा दर ८ मिनिटांनी पुढे-मागे झुलतो. ही आवर्ती चूक मध्यम किमतीच्या माउंटमध्ये अनेकदा २० ते ४० विकलांची असते, आणि वर धरलेल्या उदाहरणात १० ते २० पिक्सेलची. तिच्यावर उपाय गायडिंगचा. छोट्या दुर्बिणीतून दुसरा छोटा कॅमेरा काही तारे पाहत राहतो. पीएचडी२ सारखे मोफत सॉफ्टवेअर दर एक-दोन सेकंदांनी त्यांची जागा मोजून माउंटला दुरुस्ती पाठवते. अलीकडच्या ‘हार्मोनिक’ माउंटमध्ये वर्म नसतो. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएम५ स्वतः ५ किलोचा असून तोलाच्या वजनांशिवाय १३ किलो पेलतो. अशा माउंटची आवर्ती चूक मोठी असते आणि गायडिंगविना त्याला अर्थ नाही. पण लोकल पकडून वांगणीला किंवा एसटीने गावी जाणाऱ्याच्या खांद्याला तो परवडतो.

सर्वांत स्वस्त माउंट मात्र सुतार करून देतो. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या आणि बिजागरी ध्रुवताऱ्याच्या दिशेने धरायची. बिजागरीपासून २२८.६ मिमी. अंतरावर एम६ बोल्ट बसवायचा. त्याचे आटे १ मिमी. अंतराचे असतात. तो मिनिटाला एक फेरी फिरवला की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडते. हातातल्या घड्याळाकडे बघत दर १५ सेकंदांना पाव फेरी द्यायची. ५० मिमी. पर्यंतच्या लेन्सने काही मिनिटांची फ्रेम यातून सहज निघते. माउंट काय करतो हे समजून घ्यायला याहून चांगला शिक्षक नाही.

ध्रुवाशी जुळवणी

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश: नागपुरात २१ अंश, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, पणजीत साडेपंधरा. इतका खाली असल्याने तो झाड, इमारत किंवा डोंगराआड जातो. नाही गेला तर उत्तरेच्या धुरकटात हरवतो. जागा निवडताना आधी उत्तर क्षितिज पाहावे.

ध्रुवतारा ठीक ध्रुवावर नाही. सध्या तो सुमारे ४० कला दूर आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाहून अधिक. अक्ष सरळ त्याच्यावर रोखला तर तारे मिनिटाला १० विकलांपर्यंत वाहू शकतात. म्हणून ध्रुवदर्शकातील (माउंटच्या ध्रुवाक्षात बसवलेली छोटी दुर्बीण) वर्तुळावर तो त्या वेळेच्या जागी ठेवतात. ध्रुव दिसतच नसेल तर आता सोय झाली आहे: आकाशाच्या दुसऱ्या भागाची तीन छायाचित्रे घेऊन सॉफ्टवेअर त्यांतले तारे ओळखते आणि अक्ष किती चुकला ते सांगते.

कमी अक्षांशाची एक यांत्रिक अडचणही आहे. बरेच माउंट ४०-५० अंशांवरील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असतात. १८ अंशांवर ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा होतो, वजनांचा दांडा सरळ खाली लोंबतो आणि उत्तरेच्या पायाला लागतो. तिपाई आणि माउंट यांच्यामध्ये छोटा खांब बसवला की सुटका होते. खरेदीपूर्वी माउंट किती कमी अक्षांशापर्यंत वाकतो ते विचारावे. भरपाई म्हणून याच अक्षांशामुळे ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्यातून २४ अंश उंचीवर मिळतो. लंडनमध्ये तो उगवतच नाही.

कॅमेरा

कॅमेरा दुर्बिणीशी जुळवून घ्यायचा असतो. पिक्सेलच्या मायक्रॉनला २०६ ने गुणून नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागले की दर पिक्सेलमागच्या विकला मिळतात. वातावरणाच्या थरथरीमुळे तारे बहुतेक रात्री २ ते ४ विकलांपर्यंत फुगतात, म्हणून १ ते २ विकला हे माप समंजस. ८ इंची, सुमारे २००० मिमी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा लावला तर ते ०.४ च्या आत येते. माउंटकडून पाचपट अचूकता मागितली जाते आणि तपशील काहीच वाढत नाही. पहिली दुर्बीण ६० ते ८० मिमी. व्यासाची, आखूड असावी.

घरात डीएसएलआर असेल तर त्यानेच सुरुवात करावी. त्याचा मुख्य दोष हा की सेन्सरपुढील गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, आणि लाल तेजोमेघ फिके येतात. कॅननने २०डीए (२००५), ६०डीए (२०१२) व आरए (२०१९) आणि निकॉनने डी८१०ए (२०१५) हे कॅमेरे मुद्दाम या कामासाठी काढले. जुन्या कॅमेऱ्याची गाळणी काढून घेणारेही आहेत. देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिकांभोवतीची निळी धूळ टिपायची असेल तर या खटाटोपाची गरज नाही. त्यांचा प्रकाश साध्या कॅमेऱ्यालाही दिसतो.

शीतित, म्हणजे सेन्सर थंड ठेवणाऱ्या, कॅमेऱ्याचे महत्त्व उष्ण प्रदेशात वाढते. सेन्सरमध्ये उष्णतेमुळे आपोआप जमणारा खोटा संकेत तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले की दुप्पट होतो, आणि चित्रात गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, आणतो. हे कॅमेरे हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जातात, म्हणजे विदर्भातील एप्रिलच्या २८ अंशांच्या रात्री उणे ५ च्या आसपास. परदेशी सल्ल्यातील उणे २० चा हट्ट इथे धरू नये. तापमान कायम राखता येणे हाच शीतित कॅमेऱ्याचा खरा फायदा. त्यामुळे झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ फ्रेम (हा खोटा संकेत चित्रातून वजा करण्यासाठी) पुढे महिनोन्‌महिने वापरता येतात. सोनीच्या आयएमएक्स ५३३ (९० लाख पिक्सेल, चौरस) आणि आयएमएक्स ५७१ (२ कोटी ६० लाख पिक्सेल, १६ बिट) या दोन सेन्सरांनी सध्या हौशी बाजार व्यापला आहे. पहिला पुरेसा आहे. दुसऱ्याला कडेपर्यंत सपाट प्रतिमा देणारी दुर्बीण लागते, तो खर्च वेगळा.

कृष्णधवल की रंगीत? कृष्णधवल सेन्सर गाळण्यांमागे अधिक तपशील देतो, पण प्रत्येक रंगासाठी वेगळा वेळ मागतो. शनिवारी रात्रीच मोकळा असणाऱ्याने रंगीत घ्यावा आणि शहरातून तेजोमेघ टिपायचे तर हायड्रोजन व ऑक्सिजनच्या रेषाच सोडणारी दुपट्टी गाळणी लावावी. दीर्घिकांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी गाव गाठावे.

ग्रहांचे गणित निराळे. तिथे लहान, वेगवान सेन्सरने हजारो फ्रेमचा व्हिडिओ घेऊन त्यांतल्या स्थिर फ्रेम निवडतात. फ्रेम मिलिसेकंदांची असल्याने मोटर लावलेला डॉबसोनियनही चालतो. मात्र गुरू १० तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून दोन-तीन मिनिटांनंतर तपशील पुसट होऊ लागतात.

ऋतू आणि आकाश

गोंगाट फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने घटतो: मिनिटभराच्या १०० फ्रेम एकत्र रचल्या तर तो दहाव्या हिश्श्यावर येतो, पुढची निमपट गाठायला ३०० फ्रेम आणखी लागतात. अंधाऱ्या आकाशाची किंमत इथे कळते. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांच्या निरीक्षणाला एकदा जाऊन दुसऱ्याचे सामान हाताळून पाहिले, तर चुकीची खरेदी टळते.

जून ते सप्टेंबर आकाश बंद. या काळात लेन्सला बुरशी धरते. दुर्बीण सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि शीतित कॅमेऱ्यातील आर्द्रताशोषक गोळ्या बदलाव्यात, नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री सेन्सरच्या काचेवर दव जमते. पावसाळी रात्रींना एक काम मात्र उत्तम होते: कॅमेऱ्याला झाकण लावून, तो उणे ५ वर ठेवून, वर्षभर पुरतील एवढ्या डार्क फ्रेम घरबसल्या काढून घेता येतात.