प्रॅक्टिकल संगणकानेच तपासायचं: पंचकार्डापासून टर्बो सीपर्यंत

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेतल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निकचे जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्राम तपासणाऱ्या प्रोग्रामबद्दल लिहिलं. असेंब्ली या यंत्राच्या जवळच्या भाषेतला प्रोग्राम पंचकार्डांवर (भोकं पाडलेल्या कार्डांवर) द्यायचा आणि शेरा मिळायचा दोनांपैकी एक: उत्तर चूक किंवा काम पूर्ण. तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघंही एकाच मेमरीत असत. विद्यार्थ्याचा प्रोग्राम भरकटला तर तो तपासनीसालाच बिघडवू शके. आज प्रत्येक सबमिशन वेगळ्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी यंत्रणेपासून तोडलेल्या बंदिस्त जागेत, चालवतात ते याच धोक्यामुळे.

१९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या फोर्साइथ आणि विर्थ यांनी अल्गॉल या प्रोग्रामिंग भाषेसाठी ग्रेडर, म्हणजे तपासणारा प्रोग्राम, मांडला. चाचणीचा डेटा पुरवणं, वेळ मोजणं आणि गुणांची वही ठेवणं ही त्याची कामं. आजचा ग्रेडरही मुळात हेच करतो. पुढे नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या ‘केली’ या तपासणी-प्रणालीने कोडची मांडणीही तपासली. १९९४ मध्ये अ‍ॅलेक्स ऐकेन यांचं ‘मॉस’ आलं. व्हेरिएबलची नावं बदलून केलेली नक्कल ते पकडतं. 

आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं तपासणी म्हणजे जर्नल, सही आणि व्हायवा. लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे सी भाषेचा जुना कंपायलर. फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रॅक्टिकलला इनपुट ठरलेलं ५, आउटपुट १२०, की झाली सही. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) १६ बिटांचा, मर्यादा ३२७६७. म्हणून ८ दिले की ४०३२० ऐवजी -२५२१६ येतं, पण ८ देऊन बघणार कोण? लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा असल्याने १२ पर्यंत निभावतं. १३ ला १९३२०५३५०४ येतं, आणि आकडा धन असल्याने तो खराच वाटतो. ग्रेडरचा खरा उपयोग इथे आहे: तो ०, १, ८, १३ सगळं देऊन पाहतो.

अशा लॅबमध्ये ग्रेडर आणला की पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त वेळ जुन्या सवयींत जातो. टर्बो सीच्या प्रोग्राममध्ये सवयीने घातलेला कोनिओ हेडर लिनक्सवर नसतो, त्यामुळे कंपाइलच होत नाही. ‘व्हॉइड मेन’ सीमध्ये चालून जातो, पण एक्झिट कोड (प्रोग्राम नीट संपला का हे सांगणारा आकडा) शून्य येईलच असं नाही; आउटपुट बरोबर असूनही ‘रनटाइम एरर’ पडते. सर्वांत जास्त गुण जातात ते ‘एंटर अ नंबर’ छापल्यामुळे: ग्रेडरच्या दृष्टीने तोही उत्तराचाच भाग. यात विद्यार्थ्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. म्हणून प्रश्नातच नमुना इनपुट-आउटपुट द्यावं, तुलना करताना जादा स्पेस सोडून द्याव्यात, दशांशाला ०.०००१ इतकी सूट ठेवावी, अनंत लूपसाठी २ सेकंदांची मर्यादा घालावी. दोन-तीन टेस्ट (तपासणीची इनपुट-आउटपुट) विद्यार्थ्यांना उघड्या ठेवून बाकीच्या लपवाव्यात, नाहीतर सरळ १२० छापणारा प्रोग्रामही पास होतो. पहिली दोन प्रॅक्टिकल बिनगुणांची घ्यावीत. व्हायवा बंद करू नये. कोड कुणी लिहिला हे टेस्ट केसला कळत नाही.