नांगरलेल्या होडीवरचा दिवा आणि सकाळी मेलेली बॅटरी

मुंबईसमोरच्या मांडव्याला जेट्टीपासून जरा लांब नांगर टाकून झोपलो होतो, डिसेंबरची रात्र, वारा पडलेला, आणि सकाळी उठून इंजिनाची चावी फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. बॅटरी साफ बसलेली. रात्री पंखा नव्हता, गाणी नव्हती, फ्रीज तर आमच्या २८ फुटी शिडाच्या होडीवर मुळात नाहीच, चालू होता तो एकटा डोलकाठीच्या टोकावरचा अँकर लाइट, २५ वॅटचा जुना बल्ब.

गणित शाळेतलंच आहे. १२ व्होल्टवर २५ वॅट म्हणजे साधारण २.१ अँपिअर, डिसेंबरात आपल्याकडे रात्र तेरा तासांची, म्हणजे झोपेत २७ अँपिअर-तास गेले. बॅटरी ७० ची, तीही म्हातारी, त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, मग इंजिनाला उरणार काय? बरं, दिवा बंद करून झोपावं तर तेही नाही, कारण पहाटे मासळी घेऊन परतणाऱ्या बोटी सुसाट येतात आणि काळोखात पांढरी होडी सुद्धा अजिबात दिसत नाही.

समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यात ५० मीटरपेक्षा लहान बोटीला नांगरल्यावर एकच पांढरा दिवा पुरतो, पण तो चारी बाजूंनी दिसला पाहिजे आणि आमच्यासारख्या बोटीचा तर २ सागरी मैलांवरून, म्हणजे ३.७ किलोमीटरवरून. आता एवढ्या लांबून दिसायला केवढा उजेड लागत असेल? नियमातच त्याचं सूत्र दिलंय आणि उत्तर येतं ४.३ कँडेला. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एक मेणबत्ती. चार-पाच मेणबत्त्या, बस! एवढ्या अंतरावरून डोळ्यापर्यंत जो उजेड पोचतो तो पौर्णिमेच्या चांदण्याच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतका असतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढाही पुरतो.

मग माझे २५ वॅट गेले कुठे? बहुतेक सगळे उष्णतेत, तारेच्या बल्बचा धंदाच तो. आणि जो उजेड झाला त्यातला बराचसा वर चांदण्यांना आणि खाली डेकला वाटला गेला. खरं तर तो क्षितिजाच्या आसपासच्या एका पातळ पट्ट्यातच हवा असतो, नियमाप्रमाणे वर-खाली ५ अंशांपर्यंत पूर्ण आणि साडेसात अंशांपर्यंत किमान ६० टक्के. तेवढ्याच पट्ट्यात ४.३ कँडेला पसरायचे तर हिशोबाने फक्त ७ लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लागतात, मोबाईलच्या टॉर्चपेक्षा कितीतरी कमी. अर्थात प्रत्यक्षात भिंगात, काचेत थोडं वाया जातं म्हणून जास्त ठेवावे लागतात, पण एलईडी वॅटमागे सहज ८०-१०० लुमेन देतो, त्यामुळे २ वॅटचा चांगला अँकर लाइट अख्ख्या रात्रीत सव्वादोन अँपिअर-तासांत काम उरकतो. सत्तावीसच्या जागी सव्वादोन. म्हणून दुकानात जास्त लुमेनवाला दिवा मागू नका, भिंग कसं आहे आणि २ मैलांसाठी तपासून पास झालाय का ते विचारा.

मी मात्र घाई केली. जुन्या दिव्यातच बसेल असा स्वस्तातला एलईडी बल्ब ऑनलाइन मागवला, चार दिवसांत आला, डोलकाठीवर चढून लावला, आणि खूश. पण जुन्या दिव्याचं भिंग एका उभ्या तारेसाठी घडवलेलं असतं, एलईडीचे दाणे गोल फिरून बसवलेले, त्यामुळे उजेडाचे पट्टे पडतात, एका बाजूने झकास आणि दुसऱ्या बाजूने मिणमिण. आणि रात्री व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटींचा आपसात बोलायचा, खरखरायला लागला तो थांबेचना.

ही खरखर नीट समजून घेण्यासारखी आहे. नावाला १२ व्होल्ट असलं तरी बॅटरी उतरताना ११ च्या आसपास येते आणि सोलर पॅनल चार्ज करताना १४.४ पर्यंत जाते. तारेचा बल्ब यात मंद-तेज होतो, १० टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो. एलईडीला करंट एकसारखा लागतो म्हणून आत एक छोटं सर्किट असतं जे सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतं, आणि स्वस्तातल्या बल्बमध्ये त्याचा गोंगाट अडवणारे सुटे भाग सरळ गाळलेले असतात. रेडिओचा अँटेना डोलकाठीवर त्याच दिव्याच्या शेजारी! अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ साली याच कारणावरून इशारा काढला होता. तपासायला सोपं आहे, शांत चॅनल लावायचा, दिवा बंद ठेवून स्क्वेल्च, म्हणजे रेडिओची खरखर दाबणारं बटण, जेमतेम खरखर थांबेल इतकाच ठेवायचा, मग दिवा लावायचा. खरखर परत आली की तो दिवा तुमचा नाही.

अंधार पडला की आपोआप लागणारे दिवेही मिळतात. कल्पना जुनी आहे, स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने १९०७ च्या सुमाराला वीज न वापरता हे साधलं होतं, काळी दांडी उन्हात तापून चकचकीत दांड्यांपेक्षा जास्त लांबायची आणि दीपगृहाचा गॅस बंद करायची, गॅसची प्रचंड बचत. १९१२ चं भौतिकीचं नोबेल त्याला मिळालं आणि त्याच वर्षी स्फोटात त्याचे डोळे गेले, काय म्हणावं याला. असो, सेन्सर घ्या पण सोबत साधा स्विचही असू द्या, शेजारच्या ट्रॉलरच्या फोकसमुळे सेन्सरला दिवस उजाडल्यासारखं वाटतं.

आता दिवा टांगायचा कुठे? आमचा पाण्यापासून साडेअकरा मीटरवर, आणि छोट्या होडीत बसलेल्याचा डोळा एक मीटरवर, त्यामुळे तो ८० मीटरच्या आत आला की साडेसात अंशांच्या पट्ट्याबाहेर पडतो, म्हणजे नेमकं धडकायच्या अंतरात दिवा डोक्यावर आणि मंद. शिवाय मागे मुंबईच्या टॉवरांचे हजार दिवे, त्यात आमचा एक. म्हणून आता दुसरा छोटा एलईडी बूमखाली, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या काठीखाली, दोन मीटरवर टांगतो, त्याने डेकही उजळतं आणि बोटीचा आकार कळतो. लुकलुकणारा मात्र नको, अँकर लाइट स्थिरच असावा लागतो.

परवा दोन्ही दिवे लावून डिंगी वल्हवत दीडशे मीटर लांब गेलो आणि होडीभोवती एक चक्कर मारली. वरचा दिवा सगळीकडून दिसला. खालचा डोलकाठीच्या मागे गेला की साफ गायब, मग परत येऊन तो आणखी हातभर मागे बांधला आणि पुन्हा वल्ही उचलली.