लघवी तुंबते, अडथळा मात्र दिसत नाही

साठीतल्या पुरुषाची लघवी तुंबली की संशय प्रोस्टेटवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. कोडं पडतं ते तिशीतल्या बाईची लघवी अडते तेव्हा. नागपुरात धंतोलीतल्या सोनोग्राफीत खडा नाही, गाठ नाही. नळी टाकली तर लिटरभर लघवी निघते, आणि तिला फारशी कळही नसते. एरवी 400-500 मिलीला माणूस अस्वस्थ होतो. अशा बायकांवर पूर्वी सरळ हिस्टेरियाचा शिक्का बसायचा.

खरं तर नसांचा मार्ग बराच आधी कळला होता. 1925 मध्ये लंडनचे संशोधक बॅरिंग्टन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून मेंदूच्या बुंध्यातलं लघवीचं केंद्र दाखवलं. लघवीची पिशवी आवळते त्याच वेळी खालचा स्नायू सैल पडतो, हा मेळ ते केंद्र घालतं. पिशवीपर्यंतचा निरोप माकडहाडाजवळच्या एस-2 ते एस-4 नसांतून जातो. मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरचं आवरण झिजवणारा आजार), मणक्यातली सरकलेली गादी, मणक्याचा टीबी, नागीण यांपैकी काहीही तो वाटेत तोडू शकतं.

शिक्का पुसायला सुरुवात झाली ती 1980 च्या दशकात. लंडनच्या डॉक्टर क्लेअर फाउलर यांनी मूत्रमार्गाच्या स्नायूत बारीक सुई घालून ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विद्युत-लहरींचा आलेख, काढला. सैल पडायला हवा तो स्नायू अशा काही जणींत विद्युत-लहरी सोडत आवळलेलाच राहत होता. अनेकींच्या अंडाशयात पीसीओही, म्हणजे बारीक बारीक गाठीही, होत्या. 1988 च्या निबंधानंतर याला फाउलर सिंड्रोम नाव पडलं. (तशाच लहरी तक्रार नसलेल्या काही बायकांतही सापडल्या आहेत, म्हणून नुसत्या ईएमजीवर निदान ठोकू नये.) उपचार दोन. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडिस यांनी 1972 मध्ये रूढ केलेली, दर 4-6 तासांनी स्वतः नळी घालण्याची पद्धत. आणि एस-3 नसेला बारीक विद्युत-झटके देणारं यंत्र, ज्याला अमेरिकेत लघवी तुंबण्यासाठी 1999 मध्ये मान्यता मिळाली. नळी टाळायला मे महिन्यात पाणी पिणं तोडलं तर नागपूरच्या उन्हात संसर्ग आणि खडे ठरलेलेच.

फाउलरचं नाव घेण्याआधी औषधं पाहावीत: कोडीन (वेदनेवरचं), अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं), सर्दीच्या काही गोळ्या पिशवी सुस्त करतात. सायकलची सीट टेकते ती जागा बधिर झाली, पायांत बळ राहिलं नाही, तर एमआरआय त्याच दिवशी हवा. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय नेहमीपेक्षा जोरात उडत असेल तर नुसता कमरेचा एमआरआय पुरत नाही; दोष वर, पाठीत किंवा मानेत असू शकतो. आणि पहिल्या नळीतून किती मिली निघाली, तो आकडा लगेच फाईलवर लिहावा. बहुतेक फाइलींत नेमका तोच नसतो.