नॅनो आगीमुळे बुडाली नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारात गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच, "नॅनो? ती पेटायची, म्हणून बुडाली." टाटांच्या नॅनोचा कारखाना सानंदला, बडोद्यापासून दोन-अडीच तासांवर, त्यामुळे प्रत्येकाकडे आतली खबर!

२०१० मध्ये काही नॅनो पेटल्या हे खरं. त्या नोव्हेंबरात जेमतेम ५०९ विकल्या गेल्या, हेही खरं. पण नॅनोचं सर्वांत चांगलं वर्ष त्यानंतरचं, २०११-१२. सुमारे ७४ हजार गाड्या खपल्या. लोक आगीला एवढे घाबरले असते तर या घेतल्या कुणी?

दुखणं वेगळंच होतं. सानंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची, म्हणजे सर्वांत चांगल्या वर्षीही तो बराचसा रिकामाच. 'लाखाच्या गाडी'वर कर आणि वाहतूक चढायची ती वेगळीच. त्यात 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का! स्कूटर सोडून गाडी घेणाऱ्याला सोसायटीत थोडं मिरवायचंही असतं हो. ही जाहिरात चुकली, असं पुढे खुद्द रतन टाटांनीच म्हटलं. काटकसरही डोळ्यांत भरायची: एकच वायपर, चाकाला तीनच नट, पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडा. मागचं दार तर सुरुवातीच्या गाड्यांत उघडायचंच नाही. डिकीतलं सामान मागची सीट पाडून काढायचं.

आणि सानंदचा कारखाना काही बंद पडला नाही. तिथे टाटांच्याच टियागो, टिगोर या गाड्या बनू लागल्या.